होळीचा चंद्र, ईस्टरचा चंद्र

21 मार्च 2008 हा शुक्रवार होता. ख्रिस्ती लोकांचा उत्तम शुक्रवार. नंदुरबार जिल्ह्यात नवापूरच्या बाजूला ख्रिस्ती वस्ती बरीच आहे. या दिवशी मराठी मंडळ्यांत दुपारी बारा ते तीन उपासना चालते: वधस्तंभावरचे सात उद्गार, प्रत्येक उद्गारावर एक संदेश, मध्ये मध्ये गीतं. त्याच दिवशी त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीला, राजवाडी होळीची रात्र उगवत होती. उंच बांबूचा दांड, मोठमोठे ढोल, कमरेला घुंगरं आणि डोक्यावर मोरपिसांचे टोप घातलेले नवसाचे नाचणारे. काठीची होळी संध्याकाळी पेटवत नाहीत. रात्रभर नाचून झाल्यावर ती पहाटे पेटते.

एकाच जिल्ह्यात, एकाच चंद्राखाली, एकीकडे शोक आणि दुसरीकडे जल्लोष. योगायोग म्हणून सोडून द्यावं असं वाटतं. पण कॅलेंडरं काढून बसलं की योगायोग पुन्हा पुन्हा दिसायला लागतो. 2005, 2008, 2013, 2016, 2021, 2024 या सगळ्या वर्षी होळी आणि ईस्टर एकाच आठवड्यात किंवा जेमतेम त्याला लागून आले. 2024 ला होळी 24 मार्चला आणि ईस्टर 31 मार्चला. इतक्यांदा जे घडतं त्याच्यामागे कोणीतरी गणित मांडून बसलेलं असतं.

गणित असं आहे. नाताळ दरवर्षी 25 डिसेंबरला, त्यात काही हलत नाही. ईस्टर मात्र फिरतो, कारण त्याची तारीख सूर्य, चंद्र आणि आठवड्याचा वार अशा तिघांच्या संमतीने ठरते. 21 मार्च हा वसंतसंपाताचा दिवस धरायचा. त्या दिवशी किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल तिच्यानंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. इ.स. 325 मध्ये नायसियाला धर्मसभा भरली तेव्हा ईस्टर सगळ्यांनी एकाच रविवारी पाळावा असं ठरलं. पुढे दोन-तीनशे वर्षांत हिशोबाची पद्धत पक्की झाली. या नियमामुळे ईस्टर 22 मार्चच्या आधी येऊ शकत नाही आणि 25 एप्रिलच्या पुढे जाऊ शकत नाही. 2008 चा 23 मार्चचा ईस्टर जवळजवळ टोकाचाच होता. 23 मार्चचा ईस्टर आता थेट 2160 साली येणार आहे, तेव्हा तो कोणी पाहायचा ते आपण ठरवायला नको. उलट टोकाचा 25 एप्रिल 1943 मध्ये येऊन गेला. पुढचा 2038 मध्ये आहे, तो आपल्यापैकी बरेच जण पाहतील.

आता मराठी माणसाच्या डोक्यात पंचांग आपोआप उघडतं. 21 मार्चनंतरची पहिली पौर्णिमा ही एक तर फाल्गुनातली, म्हणजे होळीची, नाही तर चैत्रातली, म्हणजे हनुमान जयंतीची. तिसरी शक्यता जवळपास नाहीच. म्हणजे देवळात हनुमान जन्माचं कीर्तन आणि चर्चमध्ये पुनरुत्थानाची तयारी ही जोडीही तितकीच नेहमीची. 2022 मध्ये हनुमान जयंती 16 एप्रिलला शनिवारी आली आणि दुसऱ्या दिवशी ईस्टर.

कोणत्या वर्षी होळीचा चंद्र आणि कोणत्या वर्षी हनुमान जयंतीचा, हे बहुतेक वेळा ओळखता येणारी खूण मला फार आवडते: आदल्या वर्षी अधिक महिना होता का ते बघा. चंद्राचे बारा महिने म्हणजे साधारण 354 दिवस. सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवस कमी. म्हणून होळी दरवर्षी अकराएक दिवसांनी मागे सरकते आणि अधिक महिना येऊन तिला पुन्हा पुढे ढकलतो. 2004 ला अधिक श्रावण होता, 2005 ला होळी-ईस्टर जोडीने. 2007 ला अधिक ज्येष्ठ, 2008 ला जोडी. 2012, 2015, 2020, 2023 या अधिक महिन्याच्या वर्षांनंतरही तेच झालं. 2026 ला अधिक ज्येष्ठ आहे, तेव्हा 2027 चं कॅलेंडर हातात येईल तेव्हा बघा: पौर्णिमा 22 मार्चला, ईस्टर 28 मार्चला.

त्यात आणखी एक गंमत दडलेली आहे. 2007 चा अधिक महिना ज्येष्ठ, 2026 चाही ज्येष्ठ. 2004 चा श्रावण, 2023 चाही श्रावण. मध्ये प्रत्येक वेळी बरोबर 19 वर्षं. 19 सौरवर्षांत चंद्राचे 235 महिने बसतात आणि फरक राहतो जेमतेम दोन तासांचा. 19 गुणिले 12 म्हणजे 228, वर उरले सात, आणि हेच ते सात अधिक महिने. अथेन्सच्या मेटॉनच्या नावाने हे चक्र ओळखलं जातं आणि चर्चने आपली ईस्टरची कोष्टकं याच चक्रावर रचली. आपलं पंचांग अधिक महिना संक्रांतीवरून ठरवतं, 19 चा आकडा पाठ करून नव्हे. तरी दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात, कारण आकाश एकच आहे. कॅथलिक चर्चची कोष्टकं आणि दाते पंचांग यांची कधी गाठ पडली नसेल, पण दोघांच्या कामाची जात एकच.

मात्र कोष्टक ते कोष्टक. 2019 मध्ये त्याने सगळ्यांना चकवलं. 2018 ला अधिक ज्येष्ठ होता, तेव्हा नियमाने जोडी यायला हवी होती. 21 मार्चच्या सकाळी, भारतीय वेळेनुसार सात वाजून गेल्यावर, चंद्र पूर्ण झाला. संपात काही तास आधीच होऊन गेला होता. म्हणजे आकाशाचं ऐकलं असतं तर ईस्टर 24 मार्चला, धुळवडीच्या पाठोपाठ. पण चर्च आकाशाकडे बघून तारीख ठरवत नाही, ती कोष्टकाकडे बघते आणि कोष्टकातली पौर्णिमा संपाताच्या दिवसाआधीच पडत होती. झालं, ईस्टर एक महिना पुढे गेला, 21 एप्रिलला. त्या वर्षी उत्तम शुक्रवार आणि हनुमान जयंती 19 एप्रिलला एकाच दिवशी आली. कोणाला हा काटेकोरपणा हास्यास्पद वाटेल. मला त्यात पंचांगकर्त्यांच्या भांडणांची ओळखीची चव लागते.

या कोष्टकांबद्दल एक गोष्ट कळली तेव्हा मी खरोखर थबकलो. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांची समजूत होती की प्रभू लवकरच परत येणार, कदाचित आपल्या हयातीतच. त्याच लोकांच्या वंशजांनी काय केलं? 457 साली अक्विटेनच्या व्हिक्टोरियसने ईस्टरचं 532 वर्षांचं कोष्टक तयार केलं. चंद्राचं 19 वर्षांचं चक्र गुणिले वार आणि लीप वर्षांचं 28 वर्षांचं चक्र. रोमचं साम्राज्य डोळ्यांसमोर ढासळत होतं आणि हा माणूस शंभर वर्षांनंतरचा ईस्टर कोणत्या रविवारी ते लिहून ठेवत होता. 1582 मध्ये ग्रेगरी पोपने कॅलेंडर दुरुस्त केलं. त्या नव्या हिशोबात ईस्टरच्या तारखांची मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला 57 लाख वर्षं लागतात. आशेवर प्रवचनं खूप झाली आहेत. पण तारखांच्या रकान्यात उतरलेली एवढी लांब पल्ल्याची आशा मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

जर्मन गणिती कार्ल फ्रीडरिश गाउसने 1800 मध्ये ईस्टर काढण्याचं एक सुटसुटीत सूत्र दिलं. त्याच्या जन्माची गोष्ट नंदुरबारच्या माणसाला लगेच पटेल. गाउसच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाच्या जन्माची तारीख तिने लिहून ठेवली नव्हती. तिला एवढंच आठवत होतं की बुधवार होता आणि स्वर्गारोहणाच्या सणाला आठ दिवस होते. स्वर्गारोहण येतं ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी. 1777 चा ईस्टर 30 मार्चला, स्वर्गारोहण 8 मेला, म्हणजे जन्म 30 एप्रिल. आपल्याकडे वयस्कर माणसाला जन्म विचारला की 'होळी होऊन गेली होती, मोह वेचायचे दिवस होते' असं उत्तर मिळतं. फरक इतकाच की गाउसने सूत्र शोधलं आणि आपल्याकडे मास्तरांनी शाळेच्या दाखल्यावर सरळ 1 जून लिहून टाकलं.

आणि ईस्टरचा हा चंद्र श्रद्धेतल्या एका जुन्या प्रश्नाचंही अर्धं उत्तर देतो. शुभवर्तमानांत लिहिलं आहे की येशू वधस्तंभावर असताना दुपारी बारापासून तीनपर्यंत अंधार पडला. ऐकणारा म्हणतो, सूर्यग्रहण असेल. पण येशूचा मृत्यू यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास झाला आणि वल्हांडण असतो पौर्णिमेला. सूर्यग्रहण फक्त अमावास्येला होतं, हे पंचांग पाहणाऱ्या कोणत्याही आजीला ठाऊक असतं. शिवाय खग्रास स्थिती काही मिनिटांची असते, तीन तासांची नव्हे. तेव्हा तो अंधार काय होता हा श्रद्धेचा प्रश्न राहतो, ग्रहणाचा नाही.

याच पौर्णिमेमुळे उत्तम शुक्रवारच्या रात्री चंद्र नेहमी भरलेला किंवा नुकताच उतरणीला लागलेला असतो. तिथून 44 दिवस मागे मोजलं की राखेचा बुधवार येतो, उपवासकाळाचा पहिला दिवस, आणि त्या दिवशी आकाशात अमावास्या तरी असते नाही तर कोवळी कोर. 2024 मध्ये तो बुधवार नेमका वसंत पंचमीला आला होता. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळावर लावायची आणि चाळीस दिवस आवर घालून जगायचं. रविवार उपवासात मोजत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात ते 46 दिवस होतात. काठीच्या होळीत नाचणारे नवसकरीही आधी काही दिवस कडक पथ्य पाळतात. जमिनीवर झोपायचं, खाटेवर बसायचं नाही, अंघोळसुद्धा नाही. त्याला पालनी म्हणतात. दोन्हींची मुळं वेगळी, देव वेगळे, आणि ख्रिस्ती झालेली बरीचशी कुटुंबं होळीच्या पूजेपासून लांबच राहतात. तरी सणाआधी शरीराला आवरायचं हे दोन्हीकडच्या माणसांना कोणी शिकवावं लागलं नाही.

इथे एक खुलासा हवा. नवापूरकडच्या सगळ्याच मंडळ्या राखेचा बुधवार पाळतात असं नाही. तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारमध्ये, ज्या मिशनने मोठं काम केलं ते होतं स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन. स्वीडनमध्ये जन्मलेल्या फ्रेडरिक फ्रान्सनने 1890 मध्ये शिकागोत ते उभं केलं, 1949 पासून त्याचं नाव 'द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन' झालं. ही माणसं मुक्त मंडळ्यांच्या वळणाची. चर्चच्या ऋतूप्रमाणे बदलणारी जांभळी, पांढरी, लाल, हिरवी वस्त्रं, अमुक रविवारचा अमुक पाठ, या गोष्टींत त्यांना फारसा रस नव्हता. त्यांना बायबल, गीतं, प्रार्थना आणि दवाखाना एवढं पुरत असे. पण ऋतूंचे रंग सोडले तरी चंद्र काही त्यांना सोडता आला नाही. ईस्टर तो ईस्टर, आणि त्याची तारीख त्याच जुन्या कोष्टकातून यायची.

चर्चचं वर्ष जिथे रचलं गेलं तिथला निसर्ग नंदुरबारचा नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. हे वर्ष 1 जानेवारीला सुरू होत नाही. 30 नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळचा रविवार हा त्याचा पाडवा, आगमनकाळाचा पहिला रविवार. वर्षाची सुरुवात उत्सवाने न करता वाट पाहण्याने करायची, ही कल्पनाच मोठी अजब आहे. चार रविवार वाट पाहायची आणि मग नाताळ. हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिश विशर्न नावाचा पाळक अनाथ आणि गरीब मुलांसाठी वसतिगृह चालवत असे. मुलं रोज विचारायची, नाताळला किती दिवस राहिले? 1839 मध्ये त्याने छताला गाडीचं जुनं चाक टांगलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि बाकीच्या दिवसांच्या छोट्या लाल. रोज एक पेटवायची. आज जगभर चर्चमध्ये दिसणाऱ्या आगमनकाळाच्या हिरव्या कड्याचा उगम त्या चाकात आहे, आणि त्यातली पहिली मेणबत्ती बहुतेक ठिकाणी आशेची मानतात.

हॅम्बुर्गला डिसेंबरात चार वाजता अंधारतं. नंदुरबारला त्या दिवसांत शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत असते. नजर पोचेल तिथवर लाल, आणि बाजूने जाणाऱ्याला ठसका. सातपुड्यात डाबच्या बाजूला थंडी अशी पडते की गवतावरचं दव गोठतं. आणि नेमकं याच वेळी जिल्ह्यातली असंख्य घरं कुलूपबंद असतात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची जोडपी गुजरातेत बारडोली-सुरतकडच्या साखर कारखान्यांना निघून जातात, ती परततात उन्हाळ्यात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. त्यांतल्या ख्रिस्ती कुटुंबांचा आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, कधी कधी ईस्टरसुद्धा फडाच्या कडेला पाचटाच्या खोपीत जातो. गावात राहिलेल्या म्हाताऱ्यांना विशर्नच्या मुलांचा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. त्यांची वाट पाहणं अगदी ठरलेल्या तारखांचं नसतं, एवढाच फरक.

मात्र उपवासकाळ आणि ईस्टर हे इथे आल्यावर इतके चपखल बसतात की जणू इथल्यासाठीच नेमले होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सातपुड्यातला साग उघडाबोडका होतो. पळस पानं टाकून नारिंगी पेटतो. आणि मोह! पान नाही, सगळी फांदी वाळल्यासारखी, आणि टोकाला फुलांचे झुबके. मोहाचं फूल रात्री उमलतं आणि पहाटे गळतं. पिवळसर पांढरं, मांसल, आतून गोड, बोटांना चिकटणारं. बायका आणि पोरं उजाडण्याआधी टोपली घेऊन झाडाखाली पोचतात, कारण ऊन चढलं की गुरं, माकडं आणि मुंग्या वाटेकरी होतात. आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा झाडून किंवा जाळून जमीन मोकळी केलेली असते, म्हणजे फूल राखेवर पडलेलं लगेच दिसतं. वेचायचं, अंगणात वाळवायचं, साठवायचं किंवा विकायचं.

योहानाच्या शुभवर्तमानात मग्दालीया मरीया कबरेकडे जाते तेव्हा अजून अंधार असतो. ती काही मिळवायला गेलेली नसते, मेलेल्या माणसाला शेवटचा मान द्यायला जाते. ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेत हा भाग वाचला जातो. काही वर्षी तेव्हा जंगलात मोह गळत असतो. पहाटे अंधारात उठून, वाळक्या दिसणाऱ्या झाडाखाली काहीतरी मिळणारच या खात्रीने जाणाऱ्या बायका समोर असताना या प्रसंगावर वेगळं भाष्य करायची पाळकांना गरज वाटू नये. पौलाने रोमकरांना लिहिताना आशेबद्दल नेमका हाच मुद्दा मांडला आहे. जे हातात आलं, डोळ्यांना दिसलं, त्याची आशा धरायची नसते. फूल दिसत नाही तोवरच टोपली घेऊन निघण्याला काही अर्थ असतो.

ईस्टरनंतर पन्नासावा दिवस पेंटेकॉस्टचा. 10 मे ते 13 जून या काळात कधीतरी. वाऱ्याचा घोंघाट आणि अग्नीच्या जिभा, पवित्र आत्मा शिष्यांवर उतरला तो दिवस. रंग लाल. मूळचा हा यहुद्यांचा गव्हाच्या कापणीचा सण. आपल्याकडे त्या सुमारास कापण्यासारखं काही नसतं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेलेली असते, खानदेशात सालदाराचं नवं वर्ष तेव्हाच धरतात, आणि शेतकरी बी-बियाणं घेऊन आभाळाकडे बघत असतो. वारा मात्र तेव्हा खरोखरच उठतो. धुळीचा लोट येतो, पत्रे वाजतात, पाऊस येत नाही.

आणि मग चर्चच्या वर्षातला सगळ्यात लांब, सगळ्यात दुर्लक्षित तुकडा सुरू होतो. जवळजवळ सहा महिने, एकही मोठा सण नाही. या काळाचा रंग हिरवा. युरोपात तो रंग कोणी का निवडला असेल ते असो, रंगावलीतली ही नोंद खरी ठरते ती जुलैमध्ये, विसरवाडीजवळच्या घाटातून नवापूरकडे उतरताना. भात लावणी, निंदणी, रंगावली नदीला पूर, साप, ताप. 1942 पासून चालू असलेल्या चिंचपाड्याच्या ख्रिश्चन हॉस्पिटलसारख्या ठिकाणी डॉक्टर-नर्सना कुठला ऋतू उपवासाचा आणि कुठला सणाचा हे बघायला याच दिवसांत सवड नसते. मला वाटतं, श्रद्धेची खरी परीक्षा या हिरव्या महिन्यांत असते. नाताळात गाणं सोपं आहे.

या लांबलचक काळाच्या शेवटाकडे, पीक घरात आलं की मराठी मंडळ्यांत हंगामाचा सण होतो. वेदीपुढे भाताच्या पेंड्या, ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, केळीचे घड, पाय बांधलेली कोंबडी. उपासना संपली की बाहेर लिलाव. पन्नास रुपयांचा भोपळा कोणीतरी पाचशेला घेतो, आणि घरी न नेता पुन्हा लिलावाला ठेवतो. दुसरा त्याला सहाशेला घेतो, तोही परत ठेवतो. कोंबडी कलकलाट करत असते, पोरं हसत असतात, खजिनदार वहीत आकडे लिहीत असतो, आणि आगमनकाळाचा पहिला रविवार पुढे येऊन ठेपलेला असतो.